वजिराचे प्यादे आणि 'भारतीय बचाव'

बुद्धिबळ हा खेळण्याचा खेळ आहे, सांगण्याचा नाही. त्यावर व्याख्यान देणे म्हणजे गोदावरीच्या घाटावर कोरड्या धोतराने बसून पोहण्यावर प्रवचन करणे होय, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. तरीही नांदेडला काय किंवा लातूरला काय, वसंतातल्या संध्याकाळी व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींत पट जाणणारे थोडे नसतात. ओसरीवर वडिलांबरोबर खेळलेले, देवळाच्या ओट्यावर मागे उभे राहून दुसऱ्याचा डाव पाहिलेले आणि आता नातवंडांना शिकवणीला पाठविणारे असे अनेक जण या श्रोतृवर्गात असतात. या सर्वांना छळणारा एक जुना प्रश्न आहे. पांढऱ्याने पहिल्याच खेळीला वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, तर काळ्याने करावे काय?

याचे उत्तर हल्लीची मुले झटकन देतात. दहा, बारा, पंधरा खेळ्या त्यांना तोंडपाठ असतात. पण समोरच्याने पाठांतराबाहेरची एखादी खेळी केली की ती गोंधळतात. कारण खेळी पाठ असते, तिचे कारण ठाऊक नसते. उलट जुन्या वळणाचे खेळणारे पाठांतराच्या वाटेला जात नाहीत, पण आठव्या-दहाव्या खेळीलाच आपला डाव कोंडला कसा, हे त्यांना उमगत नाही. आम्ही येथे खेळ्यांची यादी देणार नाही. ज्या बचावाला जगभर 'भारतीय' हे नाव मिळाले आहे, त्याच्यामागचा विचार तेवढा उलगडून दाखविणार आहो. वाचकांनी शेजारी पट मांडून ठेवला तर उत्तमच.

वजिराच्या प्याद्याचे बळ

प्रथम घरांची नावे ठरवून घेऊ. वजिराची उभी ओळ आणि राजाची उभी ओळ या पटाच्या मधल्या दोन ओळी. पांढऱ्याच्या बाजूने मोजत गेल्यास त्यांतील चौथी व पाचवी घरे म्हणजे पटाचा मध्य. या चार घरांना आपण वजीर-चार, वजीर-पाच, राजा-चार आणि राजा-पाच म्हणू. मोजणी नेहमी पांढऱ्याकडूनच करायची, म्हणजे घोटाळा होणार नाही.

मध्याला एवढे महत्त्व का, हे घोड्यावरून पाहावे. पटाच्या कोपऱ्यात उभा असलेला घोडा फक्त दोन घरांवर उडी मारू शकतो. मध्यात उभा असलेला घोडा आठ घरांवर नजर ठेवतो. जनावर तेच, चाल तीच अडीच घरांची. जागा बदलली की बळ चौपट. म्हणून मध्य ज्याच्या हाती त्याची मोहरी दोन्ही बगलांना चटकन पोहोचतात, आणि ज्याचा मध्य गेला त्याची मोहरी एकमेकांच्या पायांत येतात.

आता पांढऱ्याने राजापुढचे प्यादे राजा-चारवर टाकले, तर ते तेथे बिनजोर उभे असते. त्याला जोर द्यायला दुसरे मोहरे आणावे लागते. वजिरापुढचे प्यादे वजीर-चारवर टाकले, तर त्याच्या पाठीशी वजीर जन्मापासूनच उभा असतो. पहिला फरक हा. पुढच्या खेळीला पांढरा वजिराच्या उंटापुढचे प्यादेही दोन घरे टाकतो आणि वजीर-पाच या घरावर दाब आणतो. मग घोडा बाहेर काढून राजा-चारवरही प्यादे आणण्याची तयारी करतो. तीन प्यादी एका ओळीत खांद्याला खांदा लावून मध्यात उभी राहिली, की काळ्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही. वजिराच्या प्याद्याचा डाव सावकाश चालतो, पण आवळत जातो. राजाच्या प्याद्याच्या डावात विसाव्या खेळीला मात बसते. या डावात विसाव्या खेळीला आपण हरत आहोत हे नुसते कळते!

समोरासमोरचे उत्तर

काळ्याचे सरळ उत्तर म्हणजे आपलेही वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकून वजीर-पाचवर उभे करणे. पांढरा उंटापुढच्या प्याद्याने त्यावर चालून आला, की काळा राजापुढचे किंवा वजिराच्या उंटापुढचे प्यादे एक घर सरकवून त्याला जोर देतो. हे उत्तर भक्कम आहे, आणि जगज्जेतेपदाच्या लढतींत आजही ते दिले जाते. 2008 साली जर्मनीतील बॉन येथे विश्वनाथन आनंद यांनी क्रॅमनिकविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी दोन डाव जिंकले, ते याच कुळातल्या बचावाने.

या उत्तरातला विचार असा की, मध्यात शत्रू उभा राहिला तर आपणही मध्यातच उभे राहावे, इंचभरही सरकू नये. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत युरोपातील पंडितांना हाच एक शहाणपणाचा मार्ग वाटत असे. मध्य प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. त्या धर्माच्या दृष्टीने 'भारतीय' पद्धत म्हणजे केवळ गावंढळपणा होता.

आपली जुनी सवय

तो गावंढळपणा आला कोठून, हे समजण्यासाठी आपल्या जुन्या खेळाकडे वळले पाहिजे. देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालत असे. काही ठिकाणी ठराविक प्याद्यांना दोन घरांची सवलत होती, पण ती सर्वत्र नव्हती. आजच्यासारखा किल्लेकोटही नव्हता. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि तीही बहुधा त्याला आधी शह बसला नसेल तरच.

अशा नियमांत दोन फौजांची गाठ लवकर पडत नाही. खेळणारा आधी आपले घर बांधतो. प्यादी एकेक घर सरकतात, उंट बगलेला घोड्यापुढच्या घरात बसतो, राजा उडी मारून सुरक्षित कोपऱ्यात जातो, आणि मग मारामारी सुरू होते. आमच्या ओट्यांवरच्या जुन्या खेळियांना किल्लेकोट आणि दोन घरांची चाल शिकूनही ही सवय सुटली नाही. परकी नियमांनी खेळतानाही ते प्यादे एकच घर टाकीत आणि उंट बगलेला बसवीत.

हीच सवय एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात एका साहेबाच्या नजरेस पडली. जॉन कॉक्रेन हा मूळचा स्कॉटलंडचा बॅरिस्टर, त्या काळच्या नामांकित खेळाडूंपैकी एक. कलकत्त्यात त्याच्या तोडीचा खेळाडू त्याला मिळेना. तेव्हा खेड्यात राहणाऱ्या, कधीही न हरलेल्या एका ब्राह्मणाची वार्ता त्याच्या क्लबात आली. ते महेशचंद्र बॅनर्जी. पहिला डाव कॉक्रेनने जिंकला, दुसरा महेशचंद्रांनी. पुढे या दोघांत शेकडो डाव झाले, आणि कॉक्रेनने त्यांतले बरेच टिपून ठेवले. त्या डावांत महेशचंद्र वजिराच्या प्याद्याला पुनःपुन्हा एकच उत्तर देताना दिसतात. घोडा बाहेर, राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर, त्या जागी उंट, आणि किल्लेकोट. 1884 च्या सुमारास या पद्धतीला 'भारतीय' हे नाव छापून आलेले आढळते, आणि 1920 नंतर टार्टाकोव्हर आदी लेखकांनी ते रूढ केले.

दुरून मारा

आता या पद्धतीचा विचार पाहू. काळ्याची पहिली खेळी म्हणजे राजाकडचा घोडा बाहेर काढणे. वरवर पाहता मध्यात काळ्याचे काहीच नाही. पण त्या घोड्याची एक उडी राजा-चारवर पडते आणि दुसरी वजीर-पाचवर. पांढऱ्याला राजापुढचे प्यादे ताबडतोब दोन घरे टाकता येत नाही. टाकले तर घोडा ते फुकट खाईल. म्हणजे घर न व्यापताही त्या घरावर सत्ता गाजविता येते. हे एक वाक्य ज्याला समजले, त्याला सगळे भारतीय बचाव समजले.

मग उंट घोड्यापुढच्या घरात बसतो. तेथून त्याची तिरपी रेघ राजा-पाच, वजीर-चार अशी मध्य कापीत पांढऱ्याच्या वजिराकडील कोपऱ्यापर्यंत जाते. किल्लेकोट झाला की तोच उंट राजाच्या दारातला पहारेकरीही होतो. एका मोहऱ्याकडून दोन कामे होतात.

या कुळातले निरनिराळे बचाव म्हणजे पांढऱ्याच्या राजा-चारच्या इच्छेला दिलेली निरनिराळी उत्तरे होत. निमझोविचच्या बचावात काळा आपल्या राजाकडच्या उंटाने पांढऱ्याच्या वजिराकडील घोड्याला जखडून टाकतो, म्हणजे त्या घोड्याचा राजा-चारवरचा जोरच नाहीसा होतो. वजिरी भारतीय बचावात काळा वजिराकडचा उंट बगलेला बसवून राजा-चारवर दुरून नेम धरतो. राजाच्या भारतीय बचावात तर काळा म्हणतो, "या, खुशाल या!" पांढऱ्याला तिन्ही प्यादी मध्यात आणू देतो, आणि मग आपले राजापुढचे प्यादे राजा-पाचवर आणून टक्कर देतो.

येथे नवशिक्याला एक मोह होतो. राजा-पाचवरचे ते प्यादे फुकट मिळते असे त्याला दिसते. पटावर करून पाहावे. पांढरा वजीर-चारच्या प्याद्याने ते प्यादे मारतो. काळा आपल्या वजिरापुढच्या, एक घर सरकलेल्या प्याद्याने उलट मारतो. वजिरांची मारामारी होते आणि काळा हत्तीने वजीर परत घेतो. आता पांढऱ्याचा घोडा राजा-पाचवरचे प्यादे खातो. प्यादे गेले असे वाटते ना? पण काळ्याचा घोडा आपल्या जागेवरून उठून राजा-चारवरचे पांढरे प्यादे मारतो. तो उठताच त्याच्या मागे बसलेल्या उंटाची रेघ मोकळी होते. पांढऱ्याने तो घोडा मारला की उंट राजा-पाचवरचा पांढरा घोडा उचलतो. हिशेब मांडला तर दोन्ही बाजूंची दोन दोन प्यादी, एक एक घोडा आणि वजीर गेलेला असतो. कोणाचेच काही जास्त गेले नाही. बगलेला बसलेला तो मुका उंट पहिल्या दहा खेळ्यांत काहीच करीत नाही असे ज्याला वाटत होते, त्याने हा हिशेब एकदा स्वतः करावा.

आमच्या भागातील एक इतिहासप्रसंग येथे आठवतो. 1760 च्या आरंभी उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या सैन्याला उदगीरहून धारूरकडे सरकत असता औशाच्या परिसरात गाठले आणि तह करावयास लावला. आपल्या ठाण्यापासून निघालेली, जड तोफा ओढीत चाललेली फौज प्रत्येक मुक्कामाला स्वतःचेच रक्षण करण्यात गुंतून पडते. पुढे वर्षभराने, 14 जानेवारी 1761 रोजी, पानिपतावर तेच भाऊसाहेब दुसऱ्या भूमिकेत उभे होते. त्यांची मोठी फौज घरापासून दूर होती आणि रसद तुटली होती. पटावरच्या मध्यातल्या तीन प्याद्यांचेही असेच असते. ती पुढे गेली म्हणजे बलवान झाली, हे खरे. पण त्यांना रोज जोर पुरवावा लागतो, हेही खरे. जोर तुटला की तीच प्यादी ओझे होतात. उपमा यापुढे ताणू नये. पटावर ऊन, धूळ आणि भूक नसते.

ग्रुनफेल्डचा बचाव आणि एक हरलेला डाव

या सर्व बचावांत आम्हाला सर्वांत बोलका वाटतो तो ग्रुनफेल्ड बचाव. यात काळा घोडा बाहेर काढतो, राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतो, आणि पांढऱ्याचा घोडा वजिराकडे बाहेर पडताच आपले वजिरापुढचे प्यादे वजीर-पाचवर फेकतो. पांढरा ते मारतो, काळा घोड्याने परत घेतो. पांढऱ्याने राजा-चारवर प्यादे आणले की काळा घोड्याला घोडा मारून मोकळा होतो. आता पांढऱ्याकडे प्याद्यांचा देखणा मध्य आहे आणि काळ्याकडे मध्यात काहीही नाही. पण काळ्याचा उंट, वजिराच्या उंटापुढचे प्यादे, वजिराकडचा घोडा आणि वजीर या सगळ्यांचा नेम वजीर-चार या एकाच घरावर लागतो. पांढऱ्याने मध्य बांधायचा, काळ्याने तो पाडायचा, असा हा सरळ सौदा आहे.

ऑस्ट्रियाचा एर्न्स्ट ग्रुनफेल्ड याने 1922 साली व्हिएन्ना येथे या बचावाने खुद्द अलेखिनला हरविले, आणि बचावाला त्याचे नाव मिळाले. 1956 साली न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन जो डाव जिंकला, तोही याच बांधणीचा. पण ग्रुनफेल्डच्या आधी सदुसष्ट वर्षे, 1855 साली, महेशचंद्रांनी कॉक्रेनविरुद्ध हाच बचाव खेळलेला आहे. आज उपलब्ध असलेल्या डावांत तो या बचावाचा पहिला डाव मानला जातो.

मात्र आपल्याकडील अभिमानी मंडळी एक गोष्ट सांगायचे टाळतात. तो डाव महेशचंद्र हरले. आणि तो कसा हरले, हे पाहण्यातच खरे शिक्षण आहे.

पहिल्या बारा खेळ्यांपर्यंत महेशचंद्रांची बांधणी आजच्या कसलेल्या खेळाडूलाही शोभेल अशी आहे. बगलेचा उंट, बाहेर आलेला घोडा आणि पांढऱ्याच्या घोड्यावर बसलेला दुसरा उंट, सर्वांचे लक्ष्य वजीर-चारचे प्यादे. पण मग सूर सुटला. तेराव्या खेळीला त्यांचा वजीर बाहेर पडला, पंधराव्याला सरकला, आणि सोळाव्याला निमूटपणे आपल्या घरी परत आला. तीन खेळ्या गेल्या आणि हाती काही आले नाही. मधल्या चौदाव्या खेळीत त्यांनी राजाशेजारचा हत्ती एक घर सरकविला. ती खेळी निरुपद्रवी दिसते. पण राजाच्या उंटापुढचे प्यादे त्या हत्तीच्या जोरावर उभे होते. हत्ती गेला आणि ते प्यादे एकट्या राजाच्या भरवशावर राहिले. कंधारच्या किल्ल्याला पाण्याचा खंदक आहे, पण खंदक कितीही रुंद असला तरी दारावरचा पहारा उठवून चालत नाही.

कॉक्रेनचा वजीर तोपर्यंत त्याच प्याद्यावर तिरपा नेम धरून बसला होता. त्याने घोडा जवळ आणला. महेशचंद्रांनी सतराव्या खेळीत पांढऱ्याचा उंट मारला. अठराव्या खेळीला कॉक्रेनच्या घोड्याने ते बिचारे प्यादे उचलले. राजाला तो घोडा मारता येत नाही, कारण मागे वजिराचा जोर आहे. मग तीन खेळ्यांत मात होती. घोडा उठून दुहेरी शह, राजा कोपऱ्यात. वजिराचे दान देऊन शह, हत्तीने तो वजीर मारणे भाग. आणि घोडा परत येऊन मात. काळा राजा आपल्याच हत्ती, उंट आणि प्याद्यांत कोंडून मेला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, बचाव चुकीचा नव्हता. लक्ष्य सोडून भटकणे चुकीचे होते. ज्याने मध्य दुसऱ्याला देऊन टाकला, त्याला वेळ घालविण्याची चैन परवडत नाही. ठरल्या जागी, ठरल्या वेळी घाव घातला नाही तर दिलेला मध्य फुकट गेला. दुसरी, नावाने कोणी वाचत नाही. 2010 साली सोफिया येथे टोपालोव्हविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आनंद यांनी पहिल्याच डावात हा बचाव घेतला, आणि ते तीस खेळ्यांत हरले. खेळ्यांचा क्रम चुकला आणि एका खेळीने होत्याचे नव्हते झाले. पुढे तीच लढत त्यांनी बाराव्या आणि अखेरच्या डावात काळ्या मोहऱ्यांनी, वजिराच्या प्याद्याला समोरासमोरचे जुने उत्तर देऊन जिंकली. तेव्हा भारतीय बचाव श्रेष्ठ आणि दुसरा कनिष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. आपण काय दिले, त्याबदली काय घेणार आहोत, आणि ते केव्हा घेणार आहोत, ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत त्याचा बचाव चांगला.

टिपून ठेवा

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. महेशचंद्रांचे नाव आज जगाला ठाऊक आहे, ते त्यांनी डाव जिंकले म्हणून नव्हे. कॉक्रेनने डाव टिपले आणि ते परदेशच्या नियतकालिकांत छापून आले, म्हणून. पंजाबातला मीर सुलतान खान हाही देशी नियमांवर वाढलेला खेळाडू. तो 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश विजेता झाला, कॅपाब्लांकाला त्याने हेस्टिंग्जला हरविले, आणि 2024 साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केले. त्याचेही डाव छापलेले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

आमच्या मुलखाचे काय? या खेळाचा वारसा आमच्याकडे कमी नाही. लातूरच्या शेजारी बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचे वर्णन आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'नीतिमयूखा'त या खेळाचे नियम लिहिले. 1814 साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळाच्या कूटस्थितींचे पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत होऊन छापले गेले. आमच्या लोकांनी नियम लिहिले, कूटे लिहिली. पण दोन माणसे समोरासमोर बसून खेळली तो डाव, पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत, लिहून ठेवण्याची रीत आम्ही लावून घेतली नाही. ओट्यावर रंगलेला डाव सोंगट्या डबीत गेल्या की संपला. त्यांत एखादा ग्रुनफेल्ड नव्हता असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे?

दिवस बदलले आहेत. 1955 साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा संयुक्त विजेत्यांत रामचंद्र सप्रे हे मराठी नाव होते. मुंबईचे प्रवीण ठिपसे 1997 साली ग्रँडमास्टर झाले. नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख 2024 साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत होते, आणि 2025 साली दिव्याने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. नागपूर, नाशिक येथे जे झाले ते गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठी होऊ नये असे काही नाही.

त्यासाठी पहिली पायरी स्वस्त आहे. एक वही आणि एक पेन्सिल. डाव झाला की तो लिहावा. विशेषतः हरलेला डाव लिहावा. मग शांतपणे पाहावे की आपला वजीर कोणत्या खेळीला उगीच बाहेर पडला, आणि कोणता हत्ती सरकल्यामुळे कोणत्या प्याद्याचा जोर गेला. महेशचंद्रांचा हरलेला डाव पावणेदोनशे वर्षांनी आपल्याला शिकवू शकतो, तर आपला कालचा हरलेला डाव आपल्याला का शिकवू नये? आज रात्री घरी जाऊन पट मांडाल, तेव्हा वजिराच्या प्याद्याला उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि ते प्यादे कोणाच्या जोरावर उभे आहे एवढे पाहा. मग घोडा बाहेर काढा.